पाणजाईचा धोंडा आणि डोंगराचा कान

दुर्वा संकपाळनं नववीत असताना मास्तर धरणात बुडवला.

खरा मास्तर नव्हे. खरा मास्तर उंबरसरीला यायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पोरांना एकेक काचेची पाटी मिळायची, तिच्यात एक गोडबोल्या मास्तर असायचा, आणि काहीही चुकलं की तो त्याच आवाजात म्हणायचा, "छान प्रयत्न. पुन्हा करून पाहू या." एका दुपारी त्यानं हे इतक्यांदा म्हटलं, की दुर्वा लाँचच्या टोकावर उभी राहिली, पाटी गरागरा फिरवली आणि दिली भिरकावून. बुडता बुडताही तो छान प्रयत्न म्हणत होता. लाँच तिच्या बापाचीच होती. अंकुश संकपाळनं इंजिन बंद केलं, पाण्यावरच्या बुडबुड्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "झाली मग शाळा."

तिची आई सारिका मात्र आठवडाभर धुमसत होती. "हिचं बूड एका जागी ठरंल तर शपथ," असं ती भांडी घासताना म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची, शेजारणीला सांगताना तर हमखास म्हणायची. खोटंही नव्हतं. दुर्वा जेवायची उभ्यानं, बोलायची चालता चालता, आणि कुणी वाकडं बोललं की तिची तार लगेच सटकायची. पण नजर अशी, की पलीकडच्या काठावरून सुटलेल्या लाँचमध्ये कोण बसलंय ते ती खाचरातून सांगायची.

त्या नजरेमुळंच तिला काम मिळालं.

उंबरसरी म्हणजे डोंगराच्या मांडीवर बसलेली तीसेक घरं. खाली धरणाचं पाणी, चहूबाजूंनी डोंगरात शिरलेलं. मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या शिवाराचे बांध उघडे पडतात, आणि म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात, तो आमचा, तो गुरवांचा. पाणी चढलं तसं गाव वर सरकलं, उतारावर पायऱ्या पाडून भाताची खाचरं केली, अलीकडं वरच्या अंगाला स्ट्रॉबेरी लावली. वाडीच्या डोक्यावर पाणजाईची देवराई, आणि देवराईच्या डोक्यावर उभा कडा.

आजूबाजूच्या खोऱ्यांत दरडी कोसळायला लागल्या, तेव्हा सरकारनं अशा वाड्यांना कान बसवायला घेतले. बसवायला केतकी मॅडम आल्या. भूगर्भवाल्या, तिशीच्या, पायात मोठे बूट आणि बोलायला सरळ. त्यांनी वाडीभोवती वीतभर खोल चर खणून केसाएवढी काचेची तार पुरली आणि तिचं टोक बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत एका पेटीला जोडलं.

"ह्यात कान कुठाय?" दुर्वानं विचारलं होतं.

"तारच कान आहे," मॅडम म्हणाल्या. "पेटी तारेत उजेड सोडते. काच कितीही चांगली असली तरी आत बारीक बारीक खोट असतेच. प्रत्येक खोटीवरून थोडा उजेड मागं फिरतो. आता तू इथं पाय आपटलास, की खालची तार ताणली जाते. इतकी कमी, की तुला मोजता येणार नाही. पण मागं फिरणारा उजेड तेवढ्यानं बदलतो. आणि तो परतायला किती वेळ लागला, त्यावरून कुठं पाय आपटला तेही कळतं."

"मग त्याचा दरडीशी काय संबंध?"

"दरड एकदम येत नाही. आधी आतला खडक तडकायला लागतो. आपल्याला ऐकू येत नाही. तारेला येतं. तडे वाढत गेले, की समजायचं डोंगर निघायच्या तयारीत आहे."

घोटाळा एवढाच होता, की तारेला सगळंच ऐकू यायचं. म्हशी, कुदळी, मिक्सर, लाँचचा पंखा, कुणाची तरी रात्रीची बाहेरची फेरी. पेटी हुशार होती, एकदा सांगितलं की विसरायची नाही, पण कुठला आवाज कुणाचा हे पहिल्यांदा तिला माणसानं सांगायला लागायचं. सांगितलेले आवाज वजा करायचे आणि उरेल तो डोंगराचा.

मॅडमनी पडद्यावर पावलांची एक ओळ दाखवली. दुर्वा म्हणाली, "शालनकाकू."

"कशावरून?"

"उजवा गुडघा दुखतो तिचा. टाच आदी टेकती, मग थांबती. बघा की, हितं थांबली. आणि ही दुसरी वळ तिची शेळी."

मॅडमनी तिला तिथल्या तिथं कामाला लावलं. नवी पाटी दिली, आणि ही पाण्यात टाकायची नाही एवढंच बजावलं. दुर्वा पाटी घेऊन वाडीभर हिंडायची आणि आवाजांना नावं द्यायची. वर्षभरात पेटीला अख्खी उंबरसरी पावलांवरून ओळखू यायला लागली. कोण कुणाच्या परसात कशाला गेलं, हेही दुर्वाला कळायला लागलं, पण ते तिनं पोटात ठेवलं. भांडणात मात्र ती नुसतं म्हणायची, "मला बोलायला लावू नको हां," आणि समोरचा गप्प व्हायचा.

एक आवाज तेवढा तिला लागेना. धप्प. मधूनच, कधी चार दिवसांनी, कधी पंधरा. देवराईच्या खालून यायचा, आणि जोरकस. देवराईत कुदळ मारायची नाही हा वाडीचा रिवाज, म्हणून तार आत नेलेलीच नव्हती, खालच्या कडेनं फिरवून आणली होती. मॅडम म्हणाल्या, "एकाच बाजूनं ऐकलं, की आवाज लांबचा की खोलचा ते नीट कळत नाही. पण हा थेट कातळातून येतोय. मातीत पडलेल्या वस्तूचा असता तर मऊ आला असता." पेटीनं तो डोंगराच्या खात्यात टाकला आणि पेटीवरचा हिरवा दिवा पिवळा केला.

दिवा पिवळा झाल्याचं वाडीत कळलं, आणि महिन्याभरात धप्प वाढले. आधी आठवड्याला दोन. मग रोज एक. होळी झाली, आणि एके दिवशी चार आले. थेंबभर पाऊस नसताना डोंगर तडकतोय, याचा मॅडमनी जास्तच धसका घेतला. दिवा नारिंगी झाला.

मॅडम पुण्याहून आल्या आणि पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत त्यांनी सगळ्यांना बसवलं.

"मी तुम्हाला फसवणार नाही," त्या म्हणाल्या. "हे असंच चाललं तर दोनेक आठवड्यांत दिवा लाल होईल. लाल झाला की पावसाआधी वाडी खाली करायचा हुकूम येईल. पावसापुरती नाही. कायमची. घाटमाथ्यावर माळाला जागा काढून ठेवलीय."

हणमंततात्या सगळ्यांत पुढं बसले होते. वाडीतलं वयानं आणि आवाजानं मोठं माणूस. ते म्हणाले, "माळाला पाणी हाय का?"

"नळ आहे."

"नळ न्हवं, पाणी. बघायला."

कुणी हसलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "आदी पाण्यानं उठवलं, आता डोंगरानं." आणि मग सगळ्या माना हळूहळू दुर्वाकडं वळल्या.

"त्या कानाला शिकवलं कुणी पण?" शालनकाकू म्हणाली. "म्हशीनं पो टाकला तरी लिवून ठेवती ही."

"मग लिवू नको का?" दुर्वा उसळली. "उद्या डोंगर आला म्हंजी तुज्या गुडघ्यानं पळणार हायस का?"

"दुर्वे." अंकुश एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायचा थांबला. रागानं नव्हे. तो लाँचवाला माणूस, माळाला गेल्यावर त्यानं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि कळत नसलं की त्याचं तोंड बंद व्हायचं.

घरी आई पाट्यावर वाटण वाटत होती. दुर्वा दारात येरझाऱ्या घालत म्हणाली, "तुला बरंच वाटत असंल."

"काय?"

"माळाला जायाचं. दवाखाना, रस्ता, खरी शाळा. सारखं तेच तर चालू असतंय तुजं."

"असंना. वाईट हाय का त्ये?"

"नवस बोलली असशील तू. जायाचा."

आईचा हात थांबला. तिनं वर बघितलं, काहीतरी बोलणार होती, पण गप्प राहिली आणि पुन्हा वाटायला लागली. दुर्वाला वाटलं, सापडली चोरी. ती तडक बाहेर पडली आणि वाट चढायला लागली.

देवराईच्या तोंडाशी तिनं चपला काढल्या. आत पाचोळ्याचा जाड थर, त्यावर पाऊल पडलं तर स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. मधोमध उघडा काळा कातळ, त्यावर पाणजाईचं बिनकळसाचं देऊळ, माणसाच्या कमरेएवढं. समोर धोंडा. भोपळ्यासारखा गोल, किती पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, एका बाजूचा टवका उडालेला. नवस बोलायचा तर एकट्यानं यायचं, धोंडा उचलायचा, मनात बोलायचं आणि सोडायचा. आलो होतो हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की नवस मोडला. फेडताना मात्र चारचौघांत यायचं, काय मागितलं होतं ते मोठ्यानं सांगायचं आणि पुन्हा एकदा उचलून सोडायचा. दुर्वानं आजवर धोंड्याला हात लावला नव्हता. तिला वाटायचं, आता असलं कोण करतंय.

तिनं तो गुडघ्यापर्यंत उचलला. वाडी हलू देऊ नको, ती मनात म्हणाली. आणि सवयीनं पुढं जोडलं, हललीच तर मी पुन्हा तुझ्याकडं फिरकायची नाही.

धोंडा खाली पडला, टवक्यावर कलंडला आणि एकदा डुलून स्थिर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या खोलीत गेली. दिवा नारिंगीच होता. पेटीनं आदल्या दिवशीचे तीन तडे मांडून ठेवले होते. तिसरा, उन्हं कलताना, ती देवराईत होती तेव्हाचा. दुर्वानं तो मोठा केला. एक उंच टेकाड, आणि त्यामागं एक बारकी शेपटी. ती शेपटी तिनं आधीही पाहिली होती, तडकलेला खडक नंतर बसतो तसं काहीतरी असेल म्हणून सोडून दिली होती.

धप्प. टक.

मग तिनं मागचे काढले. परवाचा. होळीनंतरचे चार. पिवळा दिवा लागायच्या आधीचे. टेकाडं लहानमोठी, कुणी उंच उचललेला, कुणाला जेमतेम वीतभर उचलता आलेला. शेपटी सगळ्यांना.

तिनं मॅडमना फोन लावला आणि सांगितलं.

"म्हणजे," मॅडम सावकाश म्हणाल्या, "सुरुवातीला कुणीतरी आपापल्या कारणानं नवस बोललं. त्यानं दिवा पिवळा झाला. दिवा पिवळा झाला म्हणून लोक घाबरले आणि वाडी वाचू दे म्हणून नवस बोलायला गेले. त्यानं दिवा नारिंगी झाला. म्हणून आणखी लोक गेले."

"व्हय. आणि परत्येकाला वाटतंय आपण एकटंच गेलो."

"पावलं कशी कळली नाहीत?"

"अनवाणी जात्यात. आणि कडंनं दिवसभर माणसं, शेरडं चालूच असत्यात. धप्पला पावलं कोण जोडतंय?"

मॅडम हसल्या असतील असं तिला वाटलं, पण त्या हसल्या नव्हत्या. "दुर्वा, कालचा तुझा, हे मी मानते. शेपटीही पटतेय. पण त्यातला एक जरी खरंच डोंगराचा निघाला, आणि मी सगळे धोंड्याचे म्हणून वर कळवलं, तर पावसात काय होईल? लोकांना विचार. कोण कधी गेलं ते सांगितलं, की मी एकेक जुळवून बघते."

"सांगणार न्हाईत. सांगितला की मोडला."

"तू मला सांगितलास."

"माजा मोडला की," दुर्वा म्हणाली.

मग करायचं कसं, मॅडमनी विचारलं.

"मी धोंड्यावर बसती," दुर्वा म्हणाली. "सकाळपासनं दिवेलागणीपातूर. दिवा लागल्यावर आत कुणी जातच न्हाई. कुणाला काय विचारायचं न्हाई, कुणी काय सांगायचं न्हाई. धप्प बंद झालं तर आमचं, चालू ऱ्हायलं तर डोंगराचं."

"आणि डोंगराचेच असतील तर? तू नेमकी तिथंच बसलेली असशील."

"ते हायच."

शेवटी मॅडमनी कबूल केलं, पण अटी घातल्या. फोन चालू ठेवायचा. पेटीनं बोंब मारली तर खाली पळायचं नाही, आडवं, ओढ्याच्या बाजूला पळायचं. चार-पाच दिवस शांत गेले तर मग बघू.

दुसऱ्या दिवशी उजाडता दुर्वा बापाचा टॉवेल घेऊन देवराईत गेली, टॉवेल धोंड्यावर अंथरला, पाणजाईकडं तोंड करून म्हणाली, "उठवायचं असलं तर उठव," आणि बसली.

पहिला तासभर तिला मुंग्या आल्या. पाय हलवला, मांडी बदलली, कातळावरची शेवाळाची नक्षी पाठ केली. मग झाडांमागून शालनकाकू आली. अनवाणी. दुर्वाला बघून जागच्या जागी थबकली.

"काय गं, हितं?"

"बसलीय. तू?"

"मी हिरडं बघाया आलती."

"मोकळ्या हातानं? पिशवी न्हाई ती?"

"बघाया म्हणलं. गोळा कराया न्हवं." काकू हिरड्याच्या झाडाकडं न बघताच परत गेली.

दुपारपर्यंत आणखी तिघं येऊन गेली. एकाची शेळी हरवली होती, जी दुर्वानं खाली स्ट्रॉबेरीत चरताना पाहिली होती. एकाला मोबाईलची रेंज हवी होती. एक बाई तर काही न बोलता देवीला नमस्कार करून, धोंड्याकडं आशेनं बघत उभी राहिली आणि दुर्वा हलत नाही असं बघून निघून गेली. दुर्वाला आधी हसू आलं. मग येईना. ही सगळी माणसं टाकीखाली तिच्यावर ओरडली होती, आणि नंतर एकेकटी चढून, कुणाला न सांगता, एकच गोष्ट मागून गेली होती.

उन्हं उतरताना हणमंततात्या आले, काठी टेकत. त्यांनी मात्र शेळीबिळी काही सांगितली नाही.

"देवीच्या धोंड्यावर बूड टेकतीस?"

"टॉवेल हाय खाली."

"ऊठ."

"उठत न्हाई."

"तुज्या बापाला सांगतो."

"सांगा. बोलत न्हाई त्यो माज्याशी."

तात्यांनी तिला दोन शिव्या दिल्या, देवीपुढं आहोत हे आठवून जीभ चावली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाप आला. चपला हातात, पाय मोकळे. पोरीला बघून चपला पाठीमागं लपवल्या, लहान पोरासारख्या. दुर्वा त्याच्याकडं बघत राहिली. मग तो येऊन शेजारी कातळावर बसला.

"पप्पा, हितं बसू नका. डोंगर आला तर?"

"तू बसलीस न्हवं."

खाली पाण्यावर त्याची लाँच धक्क्याला बांधलेली दिसत होती, फळकुटाएवढी. पलीकडून कुणीतरी हाक मारली, लाँच आणा म्हणून. त्यानं ती ऐकली आणि हलला नाही. दुपारी आई भाकरी घेऊन आली. बापलेकीला एका ओळीत बसलेलं बघून क्षणभर थांबली. दुर्वाकडं तिनं जरा जास्तच वेळ बघितलं. मग फडकं सोडलं, भाकरीवर लसणाची चटणी घातली आणि म्हणाली, "पाणी पी वर." धोंड्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

फोन दोन दिवस गप्प होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला. बाप लाँचवर गेला होता, आणि बसल्या बसल्या दुर्वाचा डोळा लागला होता.

"दुर्वा," मॅडमचा आवाज बारीक झाला होता. "आत्ता एक आला."

"काय?"

"धप्प. आत्ता. धोंड्याला कुणी हात लावला?"

दुर्वानं खाली बघितलं. टॉवेल होता, धोंडा होता, ती होती.

"मी वर बसलीय, मॅडम."

"ऊठ. आडवी जा, ओढ्याकडं. आत्ताच्या आत्ता."

ती उठली. वर कडा उभा होता, रोजच्यासारखाच, आणि पहिल्यांदाच तिला तो आपल्याकडं बघत असल्यासारखा वाटला. तिच्या डोक्यात आलं, खाली आई आहे, परसात. तिला हाक ऐकू जाईल का. ती ओढ्याकडं न जाता खालच्या वाटेकडंच वळली, आणि तेवढ्यात देवळाच्या मागून कुणीतरी खोकलं.

ती थांबली. वळसा घालून मागं गेली.

हणमंततात्या कातळावर बसले होते, घामानं निथळत, धाप लागलेली. समोर ओढ्यातला एक ओलसर धोंडा. कुठून कसा वर आणला होता ते पाणजाईलाच ठाऊक.

"तात्या," दुर्वा म्हणाली. "टाकला तुमी?"

"मी कुटं काय. पाय घसरला."

"ह्यो धोंडा हितं कसा आला?"

"असंल पयल्यापासनं."

दुर्वाचं डोकं सटकलं, पण त्या सटकण्यात रडू मिसळलं होतं. "तात्या, परत टाका."

"एकदाच टाकायचा असतोय."

"टाका म्हणती न्हवं."

म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं कोण जाणे, मुकाट्यानं उठले, धोंडा वीतभर उचलला आणि सोडला.

दुर्वानं फोन कानाला लावला. "आला?"

"आला," मॅडम म्हणाल्या. "आणि थांब. ह्या दोन्हींना शेपटी नाही."

"टवका न्हाई त्याला. गोल हाय, ओढ्यातला."

पलीकडं केतकी मॅडम आधी श्वास सोडल्यासारखं काहीतरी म्हणाल्या आणि मग हसायला लागल्या. थांबेचनात. दुर्वा तिथंच, तात्यांच्या शेजारी मटकन खाली बसली. तात्यांनी काही न कळता तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "माजा मोडला काय गं?"

"तुमी कुटं काय बोलला," दुर्वा नाक पुसत म्हणाली. "पाय घसरला तुमचा."

त्यानंतर आवाज आला नाही. आठवड्यानं मॅडम लाँचनं आल्या. टाकीखाली पुन्हा सगळे बसले, आणि या वेळी मॅडमनी कुणालाही काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, देवराईत कुदळ न लावता, नुसतं कातळावर ठेवायचं असं एक लहान यंत्र आहे, ते ठेवायला परवानगी द्या, म्हणजे आवाज वरचा की खोलचा ते कळेल. मग शालनकाकू म्हणाली, "ठेवा. खणायचं न्हाई म्हंजी झालं." यंत्र ठेवलं. कडा कोरडा, गप्प, जागच्या जागी. मॅडमनी सगळे जुने आवाज शेपटीवरून एकेक तपासले, त्यात एकही बिनशेपटीचा निघाला नाही. दिवा हिरवा झाला. वरून चिठ्ठी आली, उंबरसरी खाली करायचं कारण नाही.

"उद्याचं मी सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "डोंगर आज गप्प आहे. तो बोलला तर कळावं म्हणून कान आहेच."

अंकुश त्या दिवशी लाँचवर गाणं लावून दोन्ही काठांच्या मध्ये उगीच तीन फेऱ्या मारून आला.

आणि मग खरी पंचाईत झाली. नवस पुरा झाला होता. म्हणजे फेडायला हवा.

"एकेक करून," मॅडम हात जोडून म्हणाल्या. "उजेडी. आणि दुर्वा शेजारी असताना. प्रत्येक आवाजाला नाव पडलं पाहिजे."

पुढच्या रविवारी देवराईत रांग लागली. चपलांचा ढीग बाहेर पडला. दुर्वा पाटी घेऊन कातळावर उभी. आता लपवायचं काही कारण नव्हतं, फेडताना सांगायचंच असतं. शालनकाकूनं सांगितलं, वाडी ऱ्हाऊ दे म्हणलेलं. धप्प, टक. तिच्यामागचा म्हणाला, माजंबी तेच. धप्प, टक. त्याच्यामागचीचं तेच. चौथ्यापाचव्यापर्यंत लोक एकमेकांच्या खांद्यावर हात मारून हसायला लागले. "मग आदी सांगाया काय झालं होतं?" "तू सांगितलंस का?" एका पोरानं मात्र तोंड पाडून कबूल केलं, की त्याचा नवस वाडीचा नव्हता, पलीकडच्या गावच्या एका मुलीचा होता, आणि तो अजून पुरा झालेला नाही, तो नुसता बघायला आलाय. त्याला सगळ्यांनी उचलून रांगेच्या बाहेर काढलं. हणमंततात्यांनी दोन धोंडे सोडले, एक देवीचा आणि एक ओढ्यातला, हिशेब बाकी नको म्हणून.

सगळ्यांत शेवटी सारिका आली.

दुर्वानं पाटी खाली घेतली. आईनं माळाला जायचा नवस बोलला असणार, तो पुरा कुठं झालाय, मग ही कशाला उभी, हे तिला कळेना. आईनं पदर खोचला, धोंडा गुडघ्यापर्यंत उचलला आणि धरून ठेवला.

"माजा वाडीचा न्हवता," ती म्हणाली. "वाडीचं काय व्हायाचं ते होऊ दे. म्या म्हणलेलं, ह्या पोरीचं बूड कुटंतरी एका जागी टेकू दे, आई पाणजाई. आणि हिनं काय केलं बगा. नवसाच्याच धोंड्यावर टेकवलं."

धप्प. टक.

सगळी देवराई हसली. बापही, तोंडावर हात धरून. दुर्वानं पाटीवर त्या टेकाडापुढं बोटानं लिहिलं, आई. मग हळूच तिथंच, कातळावर, आईच्या पायाशी बसली.